एकाच विधानावर किती खटले? अब्रुनुकसानीचा कायदा आणि ‘प्राङ्न्याया’ची मर्यादा

महादेवपुरा (बंगळुरू) : बंगळुरूच्या पूर्वेकडील महादेवपुरा आणि कृष्णराजपुरम हा भाग मागे टाकून जुन्या मद्रास रस्त्याने निघाले की पन्नास-साठ किलोमीटरवर कोलार लागते. १३ एप्रिल २०१९ रोजी लोकसभा निवडणुकीच्या प्रचारसभेत काँग्रेस नेते राहुल गांधी यांनी तेथे ‘मोदी’ आडनावासंबंधी काही उद्गार काढले. सभा कर्नाटकात झाली; खटले मात्र सुरत, पाटणा आणि रांची येथे उभे राहिले. सुरतमध्ये भाजपचे आमदार पूर्णेश मोदी, पाटण्यात बिहारचे तत्कालीन उपमुख्यमंत्री सुशीलकुमार मोदी आणि रांचीत एक वकील अशा तीन फिर्यादींनी तीन न्यायालयांची दारे ठोठावली. विधान एक, आरोपी एक, कलमेही तीच.

त्यापैकी सुरतच्या न्यायालयाने २३ मार्च २०२३ रोजी निकाल दिला. राहुल गांधी दोषी ठरले आणि त्यांना दोन वर्षांची, म्हणजे अब्रुनुकसानीसाठी कायद्यात असलेली कमाल शिक्षा झाली. लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार त्यांची खासदारकी गेली. पाटणा आणि रांचीतील प्रकरणे तरीही चालूच राहिली. एका न्यायालयाने ज्या शब्दांचा निवाडा केला, त्याच शब्दांसाठी त्याच माणसाला दुसऱ्या न्यायालयाच्या पिंजऱ्यात उभे करता येते काय, हा प्रश्न त्यामुळे केवळ विधी महाविद्यालयाच्या प्रश्नपत्रिकेपुरता राहिला नाही.

सर्वसामान्य माणसाचे उत्तर ‘नाही’ असेच असेल, आणि कायद्याची मूळ भूमिकाही तीच आहे. इंग्रजी न्यायपद्धतीत ‘रेस ज्युडिकाटा’ म्हणून ओळखले जाणारे हे तत्त्व आपल्याकडे परके नाही. धर्मशास्त्रकारांनी प्रतिवादीच्या उत्तराचे जे चार प्रकार सांगितले, त्यांतील एक ‘प्राङ्न्याय’ हा आहे. या वादाचा निवाडा पूर्वीच झाला असून वादी त्यात हरला होता, असे प्रतिवादीने सांगायचे आणि ते सिद्ध करायचे. चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण येथे विज्ञानेश्वराने लिहिलेल्या ‘मिताक्षरे’त या उत्तराची चर्चा आहे. १९१६ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे शिवपरसन सिंग प्रकरणात हा मुद्दा आला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी मिताक्षरेचा दाखला देऊन हे तत्त्व भारतीय परंपरेतही असल्याची नोंद केली होती.

आज दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ११ मध्ये ते ग्रथित आहे. तोच वादविषय, तेच पक्षकार किंवा त्यांच्यामार्फत हक्क सांगणारे, पूर्वीचा दावा चालविण्यास सक्षम न्यायालय आणि गुणवत्तेवर ऐकून दिलेला अंतिम निर्णय, एवढ्या अटी पूर्ण झाल्या की नवा दावा चालत नाही. पहिल्या दाव्यात जो मुद्दा मांडता आला असता आणि मांडायला हवा होता, तोही मांडला गेला असे समजले जाते. ‘तेव्हा राहून गेले’ असे सांगून पुन्हा येता येत नाही. पहिला दावा प्रलंबित असेल, तर कलम १० नुसार दुसरा थांबवून ठेवता येतो. शिवाय लेखी किंवा तोंडी बदनामीच्या भरपाईसाठी मुदत कायद्याने एकच वर्ष दिले आहे. संकेतस्थळावरील मजकूर रोज वाचला जातो म्हणून रोज नवी मुदत सुरू होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये खावर बट प्रकरणात म्हटले आहे.

अशी भक्कम तटबंदी असताना पुनरावृत्ती होते कशी? उत्तर ‘तेच पक्षकार’ या दोन शब्दांत आहे. जमिनीच्या वादात पक्षकार मोजके असतात आणि बांधही हलत नाही. शब्दांचे तसे नसते. एखाद्या संघटनेविषयी, जातीविषयी किंवा आडनावाविषयी बोललेले वाक्य हजारो लोकांना लागू शकते. अब्रुनुकसानीच्या व्याख्येत व्यक्तींच्या समूहाचाही समावेश आहे. त्यामुळे त्या समूहातील कोणीही स्वतःला ‘बाधित व्यक्ती’ म्हणवून तक्रार करू शकतो. समूह निश्चित आणि ओळखता येण्याजोगा असला पाहिजे, ही अट सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये जी. नरसिंहन प्रकरणात घातली खरी. पण ती अट पूर्ण होते की नाही, हे ठरेपर्यंत आरोपीच्या अनेक तारखा झालेल्या असतात. एका फिर्यादीचा दावा निकाली निघाला तरी दुसरा फिर्यादी कायद्याच्या दृष्टीने नवाच.

येथे दिवाणी आणि फौजदारी कायद्याच्या वाटा वेगळ्या होतात, आणि हा फरक सार्वजनिक चर्चेत सहसा नजरेआड होतो. दिवाणी संरक्षण पक्षकारांच्या जोडीला चिकटलेले असते. फौजदारी संरक्षण आरोपीला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) नुसार एकाच अपराधासाठी कोणालाही एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा करता येत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३००, म्हणजे आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३३७, त्याही पुढे जाते. सक्षम न्यायालयाने दोषी ठरवले असो की निर्दोष सोडले असो, तो निर्णय अमलात आहे तोवर त्याच अपराधासाठी पुन्हा खटला नाही. फिर्यादी बदलला म्हणून हे कवच गळून पडत नाही.

पाटण्यात नेमका हाच युक्तिवाद झाला. सुरतच्या निकालानंतर पाटण्याच्या न्यायालयाने राहुल गांधी यांना हजर राहण्यास सांगितले होते. त्याविरुद्ध ते उच्च न्यायालयात गेले. ज्या विधानासाठी एका न्यायालयाने शिक्षा ठोठावली आहे, त्यासाठी दुसरा खटला कायद्याला मान्य नाही, असे त्यांच्या वकिलांचे म्हणणे होते. २४ एप्रिल २०२३ रोजी पाटणा उच्च न्यायालयाने खालच्या न्यायालयातील कार्यवाहीला अंतरिम स्थगिती दिली. जुलै महिन्यात झारखंड उच्च न्यायालयानेही रांचीतील प्रकरणात सक्तीची कारवाई करू नये असे सांगितले.

मात्र यात एक गाठ आहे. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुरतमधील दोषसिद्धीलाच स्थगिती दिली. कमाल शिक्षा देताना कनिष्ठ न्यायालयाने कारण नोंदवले नाही. शिक्षा एका दिवसाने जरी कमी असती तरी अपात्रता ओढवली नसती, असे निरीक्षण खंडपीठाने नोंदवले. खासदारकी परत मिळाली. पण दोषसिद्धी स्थगित असताना ती ‘अमलात’ आहे असे म्हणता येईल काय? येत नसेल, तर ज्या आदेशाने आरोपीला दिलासा मिळाला त्याच आदेशाने पाटणा आणि रांचीविरुद्धची त्याची ढाल पातळ केली, असा निष्कर्ष निघतो. त्यातच प्रत्येक बाधित व्यक्तीची अब्रू वेगळी, म्हणून अपराधही वेगळा, असे फिर्यादी म्हणू शकतो. आडनावाने जोडलेला एकच समूह बाधित आहे असे सांगून तक्रार करणाऱ्यांना हा युक्तिवाद पेलणे कठीण आहे, हे मात्र म्हणावे लागेल. समूह एक, तर अपराधही एकच.

दुसरी मर्यादा अधिक व्यावहारिक आहे. कलम ३३७ चे संरक्षण निकालानंतर मिळते. निकालापूर्वी पाच शहरांत पाच तक्रारी प्रलंबित असतील, तर ते मुके असते. तक्रार प्राथमिक टप्प्यावर फेटाळली गेली किंवा आरोपी केवळ आरोपमुक्त झाला, तर ती निर्दोष मुक्तता मानली जात नाही, असे त्याच कलमाचे स्पष्टीकरण सांगते. अशा वेळी तोच फिर्यादी पुन्हा आला तर काय, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये प्रमथनाथ तालुकदार प्रकरणात दिले. पहिला आदेश अपुऱ्या कागदपत्रांवर दिला गेला असेल, तक्रारीचे स्वरूपच चुकीचे समजले गेले असेल, आदेश उघडउघड अन्यायकारक असेल किंवा पूर्वी प्रयत्न करूनही न मिळालेली नवी तथ्ये पुढे आली असतील, तरच दुसरी तक्रार चालेल. २०२० मध्ये समता नायडू प्रकरणात हाच दंडक पुन्हा लावून त्याच तथ्यांवरची दुसरी तक्रार रद्द करण्यात आली.

या साऱ्याची झळ राजकीय नेत्यांना बसते तशी पत्रकारांनाही बसते, आणि पत्रकारामागे वकिलांची फौज नसते. कर्नाटकातील गौरी लंकेश यांच्या साप्ताहिकात जानेवारी २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखावरून भाजपचे प्रल्हाद जोशी आणि उमेश दुशी यांनी हुबळीत स्वतंत्र तक्रारी केल्या. निकाल लागला २७ नोव्हेंबर २०१६ रोजी, जवळजवळ नऊ वर्षांनी. सहा महिन्यांची कैद आणि दंड. त्यांना लगेच जामीन मिळाला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी बंगळुरूतील राहत्या घरासमोर त्यांची हत्या झाली. त्या हत्येवर राहुल गांधी आणि माकप नेते सीताराम येचुरी यांनी जी विधाने केली, त्यांवरून पुढे मुंबईत माझगावच्या न्यायालयात फौजदारी तक्रार आणि ठाण्यात एक रुपया भरपाईचा दिवाणी दावा दाखल झाला. दोन्हींचा विषय एकच: संघाची बदनामी झाली काय?

माझगावचा निकाल उद्या काहीही लागला तरी ठाण्याचा दावा त्याने आपोआप संपणार नाही. फौजदारी न्यायालयाचा निष्कर्ष दिवाणी न्यायालयावर सरसकट बंधनकारक नसतो आणि उलटही नसतो. पूर्वीच्या निर्णयाला कितपत महत्त्व द्यायचे, हे पुराव्याच्या कायद्यातील तरतुदींनुसार ठरवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये के. जी. प्रेमशंकर प्रकरणात स्पष्ट केले आहे.

विखुरलेल्या तक्रारींवर खरा उतारा असतो तो वरच्या न्यायालयाचा. अभिनेत्री खुशबू यांनी २००५ मध्ये विवाहपूर्व संबंधांविषयी मुलाखतीत मांडलेल्या मतांवरून २३ तक्रारी झाल्या. बहुतेक तामिळनाडूत, एक थेट इंदूरमध्ये. २८ एप्रिल २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सर्व रद्द केल्या. तक्रारदारांपैकी कोणाचीही व्यक्तिगत अब्रू गेलेली नसून ते ‘बाधित’ या व्याख्येतच बसत नाहीत, हे त्यातील एक प्रमुख कारण होते. १९ मे २०२० रोजी अर्णब गोस्वामी प्रकरणात एकाच कार्यक्रमावरून अनेक राज्यांत नोंदवलेल्या गुन्ह्यांपैकी नागपूरचा गुन्हा मुंबईच्या ना. म. जोशी मार्ग पोलिस ठाण्याकडे वर्ग करून त्याच कारणावरील इतर गुन्हे रद्द करण्यात आले. पत्रकाराला एकाच मजकुरासाठी राज्याराज्यांतून फिरवणे अभिव्यक्तीच्या हक्काला गुदमरवणारे आहे, असा त्या निकालाचा आशय होता. अब्रुनुकसानीसाठी पोलिसांत गुन्हा नोंदवून तपास करता येत नाही, बाधित व्यक्तीने दंडाधिकाऱ्यांकडेच तक्रार केली पाहिजे, हेही त्यात स्पष्ट झाले. दोन्ही प्रकरणे दिल्लीपर्यंत गेली म्हणून सुटली. तालुक्याच्या गावातील साप्ताहिकाच्या संपादकाला तो प्रवास परवडतो काय, हा वेगळा विषय.

तोच विषय आणि तेच विधान यांत गल्लत होऊ नये. स्वातंत्र्यवीर सावरकरांविषयीच्या वक्तव्यांवरून राहुल गांधी यांच्याविरुद्ध पुणे, नाशिक आणि लखनौ येथे तक्रारी आहेत. पण पुण्याची तक्रार २०२३ मधील लंडनच्या भाषणावर, तर लखनौची नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रात केलेल्या वक्तव्यावर आधारलेली आहे. वेगळ्या दिवशी, वेगळ्या ठिकाणी उच्चारलेले वाक्य हा कायद्याने वेगळा अपराध ठरू शकतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनौच्या कार्यवाहीला स्थगिती देताना अशी वक्तव्ये पुन्हा न करण्याची तोंडी ताकीद दिली, त्यामागे हाच तर्क दिसतो. एखाद्या प्रकरणात निर्दोष सुटलेल्याला तेच विधान पुढे आयुष्यभर करण्याचा परवाना मिळत नाही. तसेच एका वाक्याबद्दल शिक्षा झाली म्हणून पुढच्या वाक्याबद्दल अभय मिळत नाही.

त्याचप्रमाणे, न्यायालयाने याचिका ‘फेटाळली’ म्हणजे त्या विषयाचा निवाडा झाला असेही नव्हे. याचे ताजे उदाहरण महादेवपुऱ्याचेच. ७ ऑगस्ट २०२५ रोजी राहुल गांधी यांनी या विधानसभा मतदारसंघाच्या यादीत १,००,२५० मते बनावट असल्याचा आरोप केला. निवडणूक आयोगाने आरोप नाकारून त्यांच्याकडे शपथेवरील घोषणापत्र मागितले. विशेष तपास पथकाच्या मागणीसाठी एका वकिलाने केलेली जनहित याचिका १३ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दाखल करून घेतली नाही आणि आयोगाकडे जाण्याची मुभा ठेवली. यादी निर्दोष आहे असे न्यायालयाने म्हटले नाही, आरोप खरे आहेत असेही म्हटले नाही. दोन्ही बाजूंच्या समर्थकांनी या आदेशातून विजय वाचला तरी प्राङ्न्यायाच्या कसोटीला तो उतरत नाही, कारण गुणवत्तेवर काहीच ठरलेले नाही. या विषयावरून उद्या कोणी कोणाविरुद्ध अब्रुनुकसानीचा दावा केला, तर ‘सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकले आहे’ हे उत्तर कोणाच्याच उपयोगी पडणार नाही.

या प्रश्नाची एक उलटी बाजूही आहे. ज्याच्याविरुद्ध निकाल लागून गेला आहे, त्याने तो निकाल सांगणाऱ्यावरच दावा ठोकला तर? इंग्लंडमध्ये आल्फ्रेड हाइंड्स नावाच्या माणसाला १९५३ मध्ये दुकानफोडीबद्दल बारा वर्षांची शिक्षा झाली. तो तीनदा तुरुंगातून निसटला आणि इतकी ख्याती मिळवून बसला, की त्याला पकडणाऱ्या पोलिस अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर वृत्तपत्रात आठवणी लिहिल्या. हाइंड्सने त्याच्यावर बदनामीचा दावा केला. १९६४ मध्ये ज्यूरीने हाइंड्स दोषी असल्याचे सिद्ध झाले नाही असे मानून त्याला १,३०० पौंड भरपाई दिली! फौजदारी निकाल दिवाणी दाव्यात पुरावा म्हणून चालत नव्हता, त्यामुळे ज्यूरीपुढे सारा खटला नव्याने चालला होता. हा विनोद पुन्हा घडू नये म्हणून १९६८ च्या दिवाणी पुरावा कायद्यात तेथील संसदेने तरतूद केली, की बदनामीच्या दाव्यापुरती दोषसिद्धी हाच अपराधाचा निर्णायक पुरावा समजावा.

भारतात इतकी थेट तरतूद नाही. आपल्याकडे आधार आहे तो अपवादांचा. न्यायालयीन कामकाजाचे किंवा निकालाचे मूलतः खरे वृत्त प्रसिद्ध करणे आणि निकाली निघालेल्या खटल्याच्या गुणदोषांवर किंवा त्यातील साक्षीदार-पक्षकारांच्या वर्तनावर सद्भावनेने मत देणे, या दोन्ही गोष्टी जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ मध्ये आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अब्रुनुकसानीतून वगळल्या आहेत. न्यायालयीन अभिलेखासह सार्वजनिक अभिलेखावर आधारलेला मजकूर हे वैध भाष्य ठरते, हे १९९४ च्या आर. राजगोपाल निकालाने अधोरेखित केले. मात्र अपवाद हा बचाव असतो. तो सिद्ध करण्यासाठी आधी न्यायालयात जावे लागते.

मराठी वाचकाला या बाबतीत लोकमान्य टिळकांची आठवण होणे साहजिक आहे. ताई महाराज प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९०४ मध्ये त्यांना खोट्या साक्षीच्या आरोपातून मुक्त केले. त्या खंडपीठावर वर उल्लेखिलेले जेंकिन्सच होते. दत्तकाचा दिवाणी वाद १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने टिळकांच्या बाजूने निकाली काढला. तरीही १९१० च्या ‘इंडियन अनरेस्ट’ या पुस्तकातील मजकुरावरून टिळकांनी व्हॅलेंटाईन चिरोलवर लंडनमध्ये केलेल्या दाव्यात ताई महाराज प्रकरण पुन्हा उगाळले गेले. फेब्रुवारी १९१९ मध्ये ज्यूरीने टिळकांच्या विरोधात कौल दिला आणि खर्चापायी ते कर्जात गेले. चिरोल हा पूर्वीच्या खटल्यात पक्षकार नव्हता. म्हणून प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय त्याच्या तोंडाला कुलूप घालू शकला नाही.

तांत्रिक अर्थाने प्राङ्न्याय लागू होत नसला तरी न्यायालय हतबल नसते. १९९८ मध्ये के. के. मोदी विरुद्ध के. एन. मोदी या प्रकरणात (आडनावाचा योगायोग सोडून द्यावा) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की एकदा चाललेला विषय पुन्हा चालवणे हा न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग ठरू शकतो, मग तो कलम ११ च्या चौकटीत बसो वा न बसो. मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग-झी प्रकरणात याच न्यायालयाने, जनहिताच्या विषयावर बोलणाऱ्याला खर्च आणि कालापव्ययाने थकवण्यासाठी धनवंतांकडून केल्या जाणाऱ्या दाव्यांची दखल घेऊन खालच्या न्यायालयांना सावध केले.

पण असा दावा खोटा किंवा त्रासदायक ठरला तर दावेकऱ्याचे जाते काय? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५-अ नुसार अशा दाव्याबद्दल भरपाईदाखल द्यावयाच्या खर्चाची मर्यादा तीन हजार रुपये आहे. ती १९७६ मधील दुरुस्तीने ठरली आणि आजही तीच आहे. जिल्हा न्यायालयातील एका तारखेचा वकिलाचा खर्चही अनेकदा त्याहून अधिक होतो.

सवयीच्या दावेकऱ्याला दारातच थांबवणारा कायदा काही राज्यांपुरता आहे. मद्रासने १९४९ मध्ये तो केला; सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये तो वैध ठरवला. महाराष्ट्राने १९७१ मध्ये तसाच अधिनियम केला. त्याखाली महाधिवक्त्यांनी अर्ज केल्यास आणि संबंधित व्यक्ती वाजवी कारणाशिवाय वारंवार त्रासदायक दिवाणी किंवा फौजदारी कार्यवाही करते अशी खात्री पटल्यास, उच्च न्यायालय तिच्यावर पूर्वपरवानगीची अट घालू शकते. संपूर्ण देशासाठी असा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने १९२ व्या अहवालात २००५ मध्ये केली. संसदेने तो अद्याप केलेला नाही. महाराष्ट्रातील तरतुदीचीही एक मर्यादा लक्षात घ्यावी लागेल. ती एकाच व्यक्तीने वारंवार केलेल्या दाव्यांना लागू होते. एकाच विधानावर दहा शहरांतील दहा वेगवेगळ्या व्यक्तींनी प्रत्येकी एकच तक्रार केली, तर त्यांपैकी कोणीही या कायद्याच्या भाषेत ‘सवयीचा’ दावेकरी ठरत नाही.